अर्धी आई, अर्धे बाबा : एका जर्मन कादंबरीची हॉलिवुडी रोमँटिक कॉमेडी होताना

जुळ्या मुली. आईबाप वेगळे झाले तेव्हा एक आईकडे गेली, एक बापाकडे. तुला एक बहीण आहे, हे दोघींनाही कुणी सांगितलेलं नाही. सुट्टीतल्या शिबिरात त्या समोरासमोर येतात, आधी एकमेकींचं तोंड बघवत नाही, मग उलगडा होतो आणि परतताना त्या घरं बदलतात. शेवटी आईबाप पुन्हा एकत्र येतात.

ही गोष्ट कुणालाही सांगून बघा. ऐकणारा आधी खूश होतो. मग थोड्या वेळाने विचारतो, "अहो पण असं कोण करतं? पोरींना सांगितलंच नाही?"

हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. गोष्टीला पायाशीच एक भोक आहे. आईबापांनी जे केलं ते इतकं निष्ठुर आहे, की त्याचं काही कारण दिल्याशिवाय शेवटचं मनोमीलन पचत नाही. आणि कारण फार खोलात जाऊन दिलं तर गोष्ट हलकीफुलकी राहत नाही. एरिश केस्टनरची कादंबरी, डिस्नेचा १९६१ चा 'द पेरेंट ट्रॅप' आणि मद्रासच्या एव्हीएम या चित्रसंस्थेने काढलेले सिनेमे यांनी हे भोक आपापल्या परीने बुजवलं. मालिकांचे संवाद लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला यात शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ माल

केस्टनर हा ड्रेस्डेनमध्ये १८९९ साली जन्मलेला लेखक. १० मे १९३३ ला बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली, त्यात याचीही पुस्तकं होती आणि हा स्वतः गर्दीत उभा राहून ती बघत होता. तरीही देश सोडून गेला नाही. लिहायला बंदी होती. मधे काही काळ टोपणनावाने सिनेमा लिहायची सूट मिळाली, 'म्युन्शहाउझेन'ची पटकथा त्याने तशीच लिहिली. त्याच सुमारास, १९४२ मध्ये, जुळ्या बहिणींच्या या गोष्टीचा आराखडा त्याने सिनेमासाठी तयार केला. मग बंदी पुन्हा कडक झाली आणि आराखडा पडून राहिला. युद्धानंतर त्याची कादंबरी झाली, ती १९४९ साली आली : 'दास डॉपेल्टे लोट्टशेन'. लोट्टे हे मुलीचं नाव आणि 'शेन' हा लाडाचा प्रत्यय. आपण लाडाने 'लोटू' म्हणावं तसं. म्हणजे डबल लोटू.

मजा अशी की ही गोष्ट जन्मली सिनेमासाठी, नाइलाजाने पुस्तक झाली आणि मग जगभर सिनेमाच होत राहिली. पहिला जर्मन सिनेमा १९५० चा, दिग्दर्शक योझेफ फॉन बाकी, म्हणजे 'म्युन्शहाउझेन'वालाच. त्यात युटा आणि इझा ग्युंथर या खऱ्या जुळ्या बहिणी होत्या, त्यामुळे कॅमेऱ्याला काही करामत करावी लागली नाही.

कादंबरीतली लुइझे पाल्फी व्हिएन्नाची, कुरळ्या केसांची, दंगेखोर. लोट्टे कोर्नर म्युनिकची, दोन घट्ट वेण्यांची, शहाणी. वय नऊ, दहावं लागायला आलेलं. बाप लुडविग संगीतकार, ऑपेराच्या वाद्यवृंदाचा संचालक. आई एका सचित्र साप्ताहिकात फोटोंची निवड करते. आईचं नाव लुइझेलोट्टे. वेगळं होताना त्यांनी पोरी वाटून घेतल्या, पण नाव तर बारशालाच मोडून दोघींत वाटलेलं होतं. हे वाचताना मी चरकलो होतो.

आता कारण. केस्टनर ते देतो आणि अगदी घरगुती देतो. जुळी रात्रंदिवस रडायची, बापाला काही सुचेना, म्हणून त्याने पियानोसकट बिऱ्हाड हलवलं, कामासाठी वेगळी जागा घेतली. तरुण बायको दोन तान्ह्या पोरींसोबत घरात, नवरा दुसरीकडे सूर जुळवतोय. तिथून फाटत गेलं. कुणी राक्षस नाही. एका माणसाला काम करायला शांत खोली हवी होती आणि ती त्याने फार लांब घेतली, एवढंच.

मुलांच्या पुस्तकात हे असलं कशाला, असं कुणी म्हणेल हे केस्टनरला ठाऊक होतं. म्हणून तो मधेच गोष्ट थांबवून वाचकाशी बोलतो. शर्ली टेंपल या हॉलिवुडच्या बालनटीचा दाखला देतो : ती सिनेमात काम करायची, पण ते सिनेमे थिएटरात जाऊन बघायची तिला परवानगी नव्हती, कारण ती लहान. मग म्हणतो की जगात घटस्फोटित आईबाप पुष्कळ आहेत, त्यामुळे सोसणारी मुलं पुष्कळ आहेत आणि आईबाप घटस्फोट घेत नाहीत म्हणून सोसणारीही पुष्कळ आहेत. त्या शेवटच्या पुस्तीमुळे मी या लेखकाला मानतो. बाकी कुणीही पहिल्या दोन गोष्टींवर थांबला असता.

डिस्नेने काय केलं

डेव्हिड स्विफ्टने पटकथाही लिहिली आणि दिग्दर्शनही केलं. आदल्याच वर्षी त्याने हेली मिल्सला घेऊन 'पॉलिआना' केला होता. आता तीच दोन्ही बहिणी : बॉस्टनची शॅरन आणि कॅलिफोर्नियाची सुझन. आई मॉरीन ओहारा, बाप ब्रायन कीथ.

शर्ली टेंपलचा धागा इथे पुन्हा हाती लागतो. ऑस्करमध्ये तेव्हा बालकलाकारांसाठी खास छोटी बाहुली असायची. ती पहिल्यांदा मिळाली शर्ली टेंपलला. शेवटची मिळाली हेली मिल्सला, 'पॉलिआना'साठी, एप्रिल १९६१ मध्ये, आणि ती जाहीर करायला मंचावर होती शर्ली टेंपलच. केस्टनरने ज्या बालनटीचा दाखला देऊन घटस्फोटाचा विषय मुलांपुढे मांडला, तिने जिच्या नावाने बाहुली दिली, तिचाच सिनेमा दोन महिन्यांनी थिएटरात लागला आणि तो केस्टनरच्या पुस्तकावरचा होता. मी हे एखाद्या मालिकेत लिहिलं असतं तर "फारच जुळवून आणलंय" म्हणून कापलं गेलं असतं.

स्विफ्टने केलेला पहिला मोठा बदल वयाचा. नऊच्या तेरा झाल्या. आकडा छोटा दिसतो, पण गोष्टीचा सगळा तोल त्याने हलतो. नऊ वर्षांची मुलगी आईबापांना एकत्र आणते ती जीव कासावीस झाला म्हणून. तेरा वर्षांची मुलगी ते एक डाव म्हणून करू शकते, आईला केस कसे ठेव आणि काय नेस हे सांगू शकते, आईबापांच्या पहिल्या भेटीतलं इटालियन हॉटेल घरच्या अंगणात उभं करून व्हायोलिन वाजवायला माणूस लावू शकते. प्रेमकथा मोठ्यांची, सूत्रधार पोरी. रोमँटिक कॉमेडीला हेच लागतं. कादंबरीत आईबापांमध्ये लाडीगोडी जवळजवळ नाहीच. सिनेमात मॉरीन ओहारा ब्रायन कीथच्या डोळ्यावर ठोसा हाणते आणि तो डोळा काळानिळा होतो, तिथे प्रेक्षकाला कळून चुकतं की हे दोघे अजून एकमेकांचेच आहेत.

घटस्फोटित जोडपं पुन्हा एकमेकांच्या प्रेमात पडतं, हा हॉलिवुडचा तीसच्या दशकापासूनचा पेटंट मसाला. कॅरी ग्रँटने यावर कितीतरी सिनेमे तारले. सेन्सॉरच्या कडक नियमांच्या काळात हा प्रकार सोयीचा होता : एका छपराखाली भांडणारं, एकमेकांवर जळणारं जोडपं दाखवता येई आणि ते एकेकाळी नवराबायको असल्याने कुणाची मान शरमेने खाली जात नसे. केस्टनरची गोष्ट स्विफ्टने या तयार साच्यात बसवली. ती बसलीही चपखल.

दुसरा बदल पैशाचा, आणि मला वाटतं यावर फार कमी बोललं गेलंय. पुस्तकात अदलाबदल ही दोन परिस्थितींची आहे. म्युनिकची आई नोकरी करून मूल वाढवते, पैसे मोजून खर्चते आणि नऊ वर्षांची लोट्टे बाजारहाट करून स्वयंपाक करते. व्हिएन्नाची लुइझे बापाबरोबर हॉटेल इंपीरियलमध्ये सारण भरलेले पॅनकेक एकामागून एक हाणते. म्हणून अदलाबदलीनंतर गंमत होते ती अशी : लुइझेला म्युनिकच्या स्वयंपाकघरात काही जमत नाही, आणि लोट्टेला व्हिएन्नात ते गोड पॅनकेक घशाखाली उतरवावे लागतात. लोट्टे तिथली खर्चाची वही उघडते. मोलकरीण रेझी हिशेबात हात मारत असते. नऊ वर्षांची पोर वही तपासायला बसली म्हटल्यावर रेझी सरळ होते. (आपल्याकडच्या किराणा दुकानाच्या वहीची आठवण मला इथे हमखास येते. मालकाने नाही, त्याच्या पोरीने बेरीज पुन्हा करायला घेतली की दुकानातला नोकर कसा सावध होतो!)

डिस्नेच्या सिनेमात दोन्ही घरं श्रीमंत. एकीकडे बॉस्टनचा वाडा आणि शिस्तीची आजी, दुसरीकडे मॉन्टेरेजवळचं रँच, घोडे, मोकळं आकाश. फरक उरला तो रीतिरिवाजाचा. आईची नोकरीही गेली, आणि तिच्याबरोबर पुस्तकातली सगळ्यात हुशार कळ गेली. कादंबरीत आईला सत्य कळतं ते तिच्या कामाच्या टेबलावर. शिबिराच्या गावच्या फोटोग्राफरने दोन सारख्या मुलींचा फोटो काढून साप्ताहिकाकडे पाठवलेला असतो आणि तो निवडायला येतो नेमका तिच्यासमोर. बाई रोज शेकडो अनोळखी चेहरे चाळणारी, आणि त्यात अचानक आपली मुलगी, दोनदा. सिनेमात असा ठोका देणारा प्रसंग आईच्या वाट्याला आला नाही.

बदल्यात आजोबा मात्र झकास मिळाले. सुझन बॉस्टनला शॅरन बनून येते आणि चार्ली रगल्सच्या कोटात नाक खुपसून वास घेते : तंबाखू, पेपरमिंट. आजोबा विचारतात हे काय चाललंय. ती आठवण साठवून घेत असते. तेरा वर्षांत जे मिळालं नाही ते एका श्वासात भरून घ्यायचं आहे तिला. माझ्या मते अख्ख्या सिनेमात आईबापांच्या अपराधाचं माप याच एका क्षणात पडतं, आणि तेही हसतखेळत.

एक हेली, दोन हेली

जर्मन सिनेमाकडे दोन मुली होत्या, डिस्नेकडे एक. मूळ बेत असा की करामतीचे मोजके शॉट घ्यायचे आणि बाकी ठिकाणी पाठमोरी बदली मुलगी उभी करायची. पण पहिले नमुने इतके साफ आले की वॉल्ट डिस्नेने पटकथेत असे प्रसंग वाढवायला सांगितले. म्हणजे तंत्र जमलं म्हणून प्रसंग लिहिले गेले. आमच्या धंद्यात हे उलटं समजतात, पण चालतं ते असंच.

साधी पद्धत अशी : कॅमेरा हलू नये म्हणून घट्ट बांधायचा, चौकटीचा अर्धा भाग झाकायचा, डावीकडे हेली शॅरन म्हणून काम करते. मग तीच फिल्म मागे घ्यायची, दुसरा अर्धा झाकायचा, हेली कपडे बदलून उजवीकडे बसते आणि रिकाम्या हवेकडे बघून उत्तरं देते. जोडाची रेघ दाराच्या चौकटीवर किंवा पलंगाच्या कडेवर लपवायची. यात अडचण एकच, त्या रेघेपलीकडे कुणाचा हात जाता कामा नये.

त्यावर उपाय सोडियमच्या दिव्यांचा. आपल्या रस्त्यांवर पूर्वी असायचे तो पिवळा उजेड. पांढऱ्या पडद्यावर तो टाकायचा, समोर नटी साध्या उजेडात. कॅमेऱ्यात एक प्रिझम असतो, तो येणारा प्रकाश दोन फिल्मांवर वाटतो. एकीवर रंगीत चित्र उमटतं, दुसरीवर फक्त तो पिवळा भाग, म्हणजे नटीचा काळा कापलेला आकार. केसांच्या कडासुद्धा नीट येतात. डिस्नेचा तंत्रज्ञ उब आयवर्क्स याने हे तंत्र इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओतून आणलं, तीन वर्षांनी 'मेरी पॉपिन्स'मध्ये त्याचाच बोलबाला झाला.

एक गोष्ट मात्र कुठलाही दिवा लपवू शकला नाही. हेली मिल्स इंग्लिश. बॉस्टनची शॅरन इंग्लिश वळणाने बोलते ते खपून जातं. कॅलिफोर्नियात घोड्यावर वाढलेली सुझनही मधूनच तशी बोलते, तेव्हा गालातल्या गालात हसू येतं.

"व्हिलन कोण?"

आता पुन्हा त्या भोकाकडे. सिनेमातले आईबाप का वेगळे झाले? दोघे तापट होते, भांडायचे, बस. स्विफ्ट यावर थांबत नाही, तो तुम्हाला रागवायला दुसरं माणूस देतो : व्हिकी. बापाशी लग्न करायला निघालेली, त्याच्या पैशावर डोळा असलेली. जोआना बार्न्सने ती अशी फर्मास केली की १९९८ च्या नव्या आवृत्तीत होऊ घातलेल्या सावत्र आईची आई म्हणून तिलाच बोलावलं. रानातल्या मुक्कामात पोरी व्हिकीचे हाल करतात, साखरेचं पाणी डास पळवायचं औषध म्हणून अंगाला लावायला लावतात, झोपेत तळपायाला मध फासतात आणि अस्वलाची पिल्लं येऊन चाटतात. प्रेक्षक खदखदून हसतो आणि आईबापांना विचारायचा प्रश्न त्या हशात विरून जातो.

पुस्तकातही बापाशी लग्न करू पाहणारी बाई आहे, इरेने गेरलाख. पण तिथे मध नाही, अस्वल नाही. लोट्टे एकटी तिच्या घरी जाते, दारात उभी राहते आणि सांगते की तुम्ही माझ्या बाबांशी लग्न करायचं नाही. मग घरी येऊन तापाने फणफणते. नऊ वर्षांच्या मुलीने मोठ्यांचं काम अंगावर घेतलं की काय होतं, हे केस्टनर लपवत नाही.

काही वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या बैठकीत मी या गोष्टीच्या वळणाची एक मराठी मालिका मांडली होती. पुणे आणि नागपूर, दोन मुली, दोन घरं. समोरच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "छान आहे. पण व्हिलन कोण?"

"मॅडम, तसं बघितलं तर आईबापच."

"मग बायका राग कुणाचा करणार? आजी घ्या ना मधे. आईची आई."

मी आजी घेतली. मालिका काही झाली नाही, तो भाग वेगळा. तेव्हा मी बाहेर चहाच्या टपरीवर बराच वेळ तणतणलो होतो. नंतर लक्षात आलं की मॅडमच्या आधी पन्नासेक वर्षं एव्हीएमने नेमकं हेच केलंय. कृष्णन-पंजू या दिग्दर्शक जोडीने १९६५ मध्ये तमिळमध्ये 'कुळन्दैयुम देय्वमुम' केला, त्यात कुट्टी पद्मिनी दुहेरी भूमिकेत. मग तेलुगूत 'लेत मनसुलु', आणि १९६८ मध्ये हिंदीत 'दो कलियाँ'. विश्वजीत, माला सिन्हा, मेहमूद आणि दोन्ही बहिणी म्हणून बेबी सोनिया, म्हणजे पुढची नीतू सिंग. मुलींची नावं गंगा आणि जमुना! लुइझे आणि लोट्टेला याहून नेमका भारतीय पर्याय सुचणं कठीण. एकत्र यायचंच, असं नावातच लिहून ठेवलेलं.

यातलं भोक बुजवते सासू. निगार सुलतानाने रंगवलेली, श्रीमंतीचा माज असलेली, जावयाला घरजावई करू बघणारी. नवराबायको दोघे निर्दोष, संसार मोडला तो तिसऱ्यामुळे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, म्हणजे कागदावर घटस्फोट आलेला होता. परस्परसंमतीचा घटस्फोट मात्र त्या कायद्यात १९७६ पर्यंत नव्हता. "आमचं पटलं नाही, म्हणून वेगळे झालो" हे उत्तर कायद्यालाच मान्य नव्हतं, तर मद्रासच्या निर्मात्याने ते प्रेक्षकाला कसं विकावं? कुणाचा तरी दोष सिद्ध व्हायला हवा होता. तो सासूचा झाला. दूरदर्शनवर 'बच्चे मन के सच्चे' लागलं की आमच्या घरी सगळ्या बायका डोळे पुसायच्या, आणि माझी आत्या पदराने नाक पुसता पुसता म्हणायची, "त्या म्हातारीला आधी घराबाहेर काढा." विश्वजीतला किंवा माला सिन्हाला तिने कधी दोष दिल्याचं आठवत नाही.

खोली आणि करवत

केस्टनरचं उत्तर या सगळ्यांहून वेगळं आहे आणि इतकं साधं, की पडद्यावर ते टिकलं नसतं. व्हिएन्नात पाल्फींच्या शेजारच्या जागेत गाबेले नावाचा चित्रकार राहतो. लोट्टे सुचवते की बाबांनी आपली लांबची कामाची जागा गाबेलेला द्यावी आणि त्याची शेजारची आपण घ्यावी. बाप आधी कुरकुरतो. शेवटी तेच होतं. संसार मोडला होता तो कामाची खोली लांब गेली म्हणून, तो सांधला खोली भिंतीपलीकडे आणून. अपराधाचा न्याय नाही, क्षमायाचना नाही, फक्त बिऱ्हाडाची व्यवस्था. केस्टनरने पायाशी ठेवलेलं कारण शेवटी हिशेबात धरलं. स्विफ्टच्या सिनेमात शेवटी आई झग्यावरच स्वयंपाकघरात मटणाचा रस्सा ढवळते, दोघे एकटेपणाविषयी बोलतात, मिठीत येतात. सुंदर प्रसंग आहे, मी तो कधीही बघेन. पण उद्या पुन्हा भांडले तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

दोन्हीकडे एकेक स्वप्न आहे. सिनेमात शॅरनला आईबापांच्या लग्नाचं स्वप्न पडतं आणि ती ते बहिणीला सांगते, तिथेच पडदा पडतो. पुस्तकातलं स्वप्न लोट्टेचं, व्हिएन्नातल्या पहिल्या रात्रीचं. संध्याकाळी ऑपेरात तिने 'हान्सेल आणि ग्रेटेल' पाहिलेलं असतं, वाद्यवृंदापुढे बाबा. रात्री स्वप्नात ती चेटकीण गेरलाखबाईंचा चेहरा घेऊन येते, दोघी बहिणी एका पलंगावर घट्ट बिलगून बसलेल्या असतात आणि बाप करवत घेऊन येतो आणि पलंग मधोमध कापायला लागतो.